काटा मध्यावर

गाडी नापास झाली. एखाद-दुसऱ्या गुणाने नव्हे, साफ नापास. तपासनिसाने सायलेन्सरमध्ये लांब नळी खुपसली, ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं, आणि पडद्यावर जिथे हिरव्या पट्ट्या यायच्या तिथे लालच लाल उमटलं. कार्बन मोनॉक्साइड जास्त, न जळालेलं पेट्रोल जास्त. तपासनीस तसा सभ्य माणूस होता. त्याने नळी बाहेर काढली, हात पुसले आणि गाडीच्या टपावर थोपटत तो म्हणाला, "वय झालं हो हिचं."

बोलताना तो बघत मात्र होता धाकटीकडे.

धाकटी म्हणजे कुणी नवी नवरी नव्हे. सत्तरीला टेकलेली बाई. पण ज्या घरात ती लग्न होऊन आली तिथे दोन जावा, एक थोरली आणि एक धाकटी. आणि सासरी एकदा पडलेलं नाव सहसा सुटत नाही. केस पांढरे झाले, दोघींचे नवरे गेले, तरी धाकटी ती धाकटीच राहिली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तिने सगळी नोकरी काढली होती. पलीकडचा माणूस कितीही ओरडला तरी लाइन सोडायची नाही, हे तिच्या हाडीमाशी खिळलं होतं.

"वय हे काही कारण नव्हे," ती म्हणाली. "बिघाड काय आहे ते सांगा."

"ते मेकॅनिक सांगेल, बाई. आम्ही फक्त धूर मोजतो. या महिन्यात आणखी एकदा आणू शकता. तेव्हाही नापास झाली, तर नंबरप्लेट जमा करायची. मग ती रस्त्यावर आणता येणार नाही."

घरी येऊन तिने बाळला सांगितलं. बाळ हा तिचा एकुलता एक मुलगा. डोक्यावरचे केस कधीच निरोप घेऊन गेलेले, कचेरीत हाताखाली पाच-पन्नास माणसं, पण घरात तो बाळच. बातमी ऐकून त्याने चेहरा पाडला खरा, पण सुंठीवाचून खोकला गेल्याचा आनंद त्या पडलेल्या चेहऱ्याआडून डोकावत होताच.

"जाऊ दे ना, आई. या वयात कशाला हवीय गाडी? भंगारवाल्याशी मी बोलून ठेवलंय. शुक्रवारी येऊन घेऊन जाईल."

"बोलून ठेवलंयस? नापास व्हायच्या आधीच?"

बाळ चहा ढवळत राहिला. त्यातली साखर केव्हाच विरघळली होती.

"आणि मंगळवारचं काय?" तिने विचारलं.

"मी नेईन की तुला. महिन्यातून एखाद्या रविवारी."

आता हे मंगळवारचं काय ते सांगायला हवं. थोरली गावाबाहेरच्या टेकडीवर, वृद्धाश्रमात राहायची. न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तिथे जायचं तिचं तिनेच ठरवलं. जागा स्वच्छ, माणसं बरी, पण बस टेकडीच्या पायथ्यालाच माघारी फिरते आणि वरचा चढ धाकटीच्या गुडघ्यांना जमणारा नव्हता. गाडी मुळात थोरलीची. नवरा गेल्यावर वर्षभरात तिने ती घेतली आणि पन्नाशी ओलांडलेल्या धाकटीला शेजारी बसवून, तिच्यावर यथेच्छ ओरडून, चालवायला शिकवली. वृद्धाश्रमात जाताना किल्ली तिच्या हातावर ठेवून म्हणाली, "दर मंगळवारी मला न्यायला यायचं. एक मंगळवार चुकला तर तू मेलीस असं समजून मी दोन अश्रू ढाळीन आणि मोकळी होईन."

तेव्हापासून एक मंगळवार चुकला नव्हता. एका स्वयंपाकघरात भांड्याला भांडं लावत दोघींनी उभी हयात काढली, आणि आता एकीचं दुसरीवाचून पान हलत नव्हतं. टेकडीच्या माथ्यावर तलाव होता. त्याच्या काठाशी गाडी लावून त्या बसायच्या, पाणी बघायच्या, जुनी भांडणं उकरून नव्याने भांडायच्या. थोरली म्हणायची, "बाकीचे सहा दिवस मी पेशंट असते. मंगळवारी तेवढी माणसात येते."

गाडी गेली की तेही गेलं. शिवाय बाळचे रविवार धाकटीला माहीत होते. आधी पावसामुळे हुकणार, मग पाहुण्यांमुळे, आणि मग नुसतेच हुकणार. म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो. आज गाडीची किल्ली मागितली; उद्या गॅस पेटवू नकोस म्हणतील, परवा जिना उतरू नकोस.

"तुझ्या भंगारवाल्याला सांग," ती उठत म्हणाली, "शुक्रवारी सुट्टी घे म्हणावं."

गल्लीच्या टोकाला गॅरेज होतं. तिथल्या मेकॅनिकला सगळे 'उद्या' म्हणायचे, कारण कधीही जा, तो हेच उत्तर द्यायचा. हात मात्र चांगला होता. गुडघ्यांवरची शाल सावरत धाकटी गाडीतून उतरली आणि तिने कालची हकीकत सांगितली.

"उद्या घेऊन या, मावशी."

"मी इथे स्टुलावर बसते. उद्या उजाडला की हाक मार."

ती खरोखर बसली. असली गिऱ्हाइकं उठत नाहीत हे उद्याला अनुभवाने ठाऊक होतं. त्याने निमूटपणे बॉनेट उघडलं. एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले. जुने प्लग काजळीने काळेकुट्ट झाले होते. ते तिला दाखवत तो म्हणाला, "मिश्रण दाट होतंय. हवा कमी, पेट्रोल जास्त. पोट भरलंय तरी कुणी पानात वाढतच राहावं, तसं."

"कोण वाढतंय?"

उद्याने डोकं खाजवलं. आपलं यंत्र जोडून पाहिलं. सेन्सर ठीक, वायरी ठीक. इंजिन पुन्हा सुरू केलं. धूर होता तसाच, डोळ्यांना झोंबणारा. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा प्रकार झाला होता.

"गाडी तापते का कधी?"

"नाव नको!" धाकटी अभिमानाने म्हणाली. "तीन वर्षांत एकदाही नाही. तापमानाचा काटा तळाशी जो बसलाय तो हलत नाही. बाळ म्हणतोच, काटा जितका खाली तितकी गाडी निरोगी."

"मग चांगलंच आहे," उद्या म्हणाला. त्याच्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांचं एकच रडगाणं असायचं, तापते, वाफ येते, पाणी उडतं. न तापणारी म्हातारी गाडी त्याला देवमाणूसच वाटली, आणि पुढचं विचारायचं राहून गेलं. "तर मग धूर साफ करणारा कन्व्हर्टरच गेला असणार. तो बदलण्यात काही अर्थ नाही, मावशी. गाडीपेक्षा जड होईल."

"का गेला?"

"अहो, वय..."

"तो शब्द काढलास तर बघ." तिने शाल झटकून खांद्यावर टाकली. "कालपासून तिसऱ्यांदा ऐकतेय. माणसाला कारण सापडलं नाही की तो वय सांगतो. मी नोकरीत असताना लाइनवर खरखर आली तर आम्ही 'तार म्हातारी झाली' असं सांगून खुर्चीत बसून राहत नव्हतो. कुठे तुटलंय ते शोधायचो."

"उद्या शोधू," तो सवयीने बोलून गेला, आणि तिची नजर पाहून त्याने जीभ चावली.

मंगळवार उजाडला. महिन्याचा शेवट दोन दिवसांवर आला होता. मनात धाकधूक घेऊन धाकटी टेकडी चढली. तीन वर्षांपूर्वी बाळने घालून दिलेले नियम पाळत चढली: सावकाश, उजवीकडून लोकांना जाऊ देत, इंजिनाचा आवाज मोठा होऊ न देता. वृद्धाश्रमाच्या दारात मेट्रनबाई उभ्या होत्या. "चारच्या आत परत हं," त्या म्हणाल्या. थोरलीने काठी आपटली आणि गाडीत बसता बसता पुटपुटली, "शाळेतसुद्धा मला एवढी शिस्त नव्हती."

तलावावर बोचरं वारं सुटलं होतं. दोघी शालीत गुरफटून पाणी बघत बसल्या. धाकटीने सगळं सांगितलं. ही शेवटचीच खेप असेल कदाचित, असं म्हणताना तिने पदराने डोळे टिपले. थोरलीने सांत्वन वगैरे केलं नाही. तिला ते कधी जमलंच नव्हतं.

"रडतेस काय? आधी हीटर लाव. पाय गारठले माझे."

"लावलेलाच आहे, जाऊबाई."

"हा हीटर?" थोरलीने वाकून जाळीसमोर हात धरला. "हे कुणी मेलेल्या माणसाने फुंकर मारल्यासारखं वाटतंय. माझ्याकडे गाडी होती तेव्हा नडग्या भाजायच्या. थंडीतही काच खाली करावी लागायची. दर खेपेला तू शाल पांघरून बसतेस तेव्हा मला वाटायचं, ही काटकसर करतेय. तुझा स्वभावच तसा."

"तुमचं म्हणजे काहीतरीच. हीटरने कसली आलीय काटकसर? गाडी तापत नाही, म्हणून वाराही गार. काटा बघा ना."

थोरलीने चष्मा नाकावर चढवला आणि काट्याकडे बघितलं. मग तिने धाकटीकडे बघितलं. हे बघणं धाकटीला चांगलं ओळखीचं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा भात करपवला तेव्हापासून.

"अगं, तो मध्यावर असतो!"

"मध्यावर?"

"बरोब्बर मध्यावर. घरून निघालं की कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत वर यायचा आणि मग तिथून हलायचा नाही, जेवून निवांत बसलेल्या माणसासारखा. इतकी वर्षं पाहिलाय मी. खाली गेला तरी बिघाड, वर गेला तरी बिघाड. तुला कुणी सांगितलं खाली असावा म्हणून?"

"बाळने."

"बाळला काय कळतंय!"

काळे प्लग, दाट मिश्रण, पोट भरूनही वाढलं जाणारं पेट्रोल, गुडघ्यांवरची शाल, सगळ्या तारा तिच्या डोक्यात जागच्या जागी बसू लागल्या. तीन वर्षं ती ज्याचा अभिमान मिरवत होती तेच दुखणं होतं की काय? तिने किल्ली फिरवली.

"कुठे निघालीस? अजून तासभर आहे माझा."

"गॅरेजला."

"चारच्या आत परत जायचंय."

"जायचंय का?"

थोरलीने क्षणभर विचार केला. मग सीटबेल्ट घट्ट ओढला. "चल. शेंडी तुटो की पारंबी."

गॅरेजात पोचल्या पोचल्या धाकटीने उद्याला हीटरच्या जाळीवर हात ठेवायला लावला, मग काटा दाखवला. टेकडीवरून उतरून आलेली गाडी, आणि काटा तळाशी झोपलेला. उद्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने बॉनेट उघडलं, इंजिनाच्या अंगाला असलेल्या जाड रबरी नळीला हात लावला, पाणी काढलं, दोन बोल्ट सोडवले आणि झाकण उचलून आत बघितलं.

"इथे काहीच नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"इथे थर्मोस्टॅट असायला हवा. म्हणजे एक दार समजा. इंजिन गार असेपर्यंत ते मिटलेलं असतं, म्हणजे पाणी आतल्या आत फिरून पटकन तापतं. तापलं की दार उघडतं आणि पाणी निवायला पुढे रेडिएटरमध्ये जातं. तुमच्या गाडीचं दारच कुणीतरी काढून टाकलंय. अहो, सदा उघडं घर. पाणी तापूच शकत नाही. सेन्सर बिचारा खरंच सांगत होता, आपण अजून गार आहोत म्हणून. तो तसं सांगणार, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल ओतत राहणार. ते जळत नाही, धुरातून बाहेर. आणि कन्व्हर्टर तर चांगला तापल्याशिवाय कामालाच लागत नाही." त्याने कपाळावर हात मारला, तिथे ग्रीसचा पट्टा उमटला. "पहिल्याच दिवशी हात लावून बघायला हवं होतं मी. तुम्ही तापत नाही म्हणालात, आणि मी खूश झालो."

"कुणी काढलं?" धाकटीने विचारलं.

उत्तर टॅक्सीतून उतरलं. वृद्धाश्रमातून कचेरीत फोन गेला होता, की चार वाजून गेले आणि तुमच्या काकूंना घेऊन तुमच्या मातोश्री परतल्या नाहीत. गाडी असली तर गॅरेजातच असणार, हे ताडून बाळ कोट-टाय घातलेला, घामाघूम, तसाच तिथे घुसला.

"आई! काकूला पळवून आणलंस? मेट्रनबाई पोलिसांत जायला निघाल्या होत्या!"

"पळवून काय? मी स्वतःच्या पायांनी गाडीत बसले," थोरली स्टुलावरून म्हणाली. "आणि चार वाजून गेले म्हणून ओरडायला मी काय शाळेतून घरी येणारं पोर आहे?"

पण बाळचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. त्याची नजर उघड्या बॉनेटवर आणि उद्याच्या हातातल्या झाकणावर गेली होती, आणि तो एकदम बोलायचा थांबला. एक्स्चेंजमध्ये धाकटीला नुसत्या श्वासावरून कळायचं, पलीकडचा माणूस काही लपवतोय. इथे तर चेहराही दिसत होता.

"तू काढायला लावलंस," ती म्हणाली.

"आई, ऐकून तर घे. तीन वर्षांपूर्वी चढावर गाडी तापली होती, आठवतं? मी आलो तेव्हा तू रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होतीस. सगळीकडे वाफ, आणि तुझा चेहरा लालबुंद. दुरुस्त करणारा म्हणाला, हे काढून टाकलं की आयुष्यात परत तापायची नाही. मी म्हटलं, काढ. तुला सांगितलं असतं तर काळजी करत बसली असतीस. तुझ्या भल्यासाठीच केलं."

"आणि काटा जितका खाली तितका बरा, हे?"

"तू विचारलंस म्हणून... काहीतरी सांगायला हवं होतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तीन वर्षं तिने हे वाक्य कौतुकाने चारचौघांना ऐकवलं होतं. ती काही बोलणार, तोच बाळ खाली मान घालून म्हणाला, "बाबाही असेच रस्त्याच्या कडेला बसले होते, आई. ते उठलेच नाहीत. तुला तिथे बसलेली बघितलं, आणि माझी फार घाबरगुंडी उडाली."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला राग आला होता आणि त्याची दयाही आली होती, आणि दयेपायी राग सोडून द्यायचा, ही चूक तिने जन्मभर केली होती. या वेळी तिने ती केली नाही.

"भीती तुला वाटली," ती म्हणाली, "आणि गारठत बसले मी. तीन हिवाळे."

बाळने वर बघितलं.

"आता उभा काय राहिलास? तूच काढलंस, तूच आणून दे. चौकातलं स्पेअर पार्टचं दुकान अजून उघडं असेल."

"आणि हे बघ," थोरलीने मागून हाक दिली, "आईचंसुद्धा काही काढून ठेवलं असशील, तर तेही घेऊन ये."

बाळ कोटासकट धावला. तोवर टायरवाला, समोरचा सुतार असे दोघे-तिघे जमले होते. धाकटीने उद्याकडे वळून बघितलं. त्याच्या तोंडाचा चंबू झाला, 'उ' ओठांवर आलाच होता.

"आज," तो म्हणाला. "आजच बसवतो, मावशी."

टायरवाल्याने टाळी वाजवली.

थर्मोस्टॅट बसला. मुठीत मावेल एवढी ती पितळी वस्तू. तिच्यापायी एवढं रामायण. पाणी भरून, हवा काढून उद्याने बॉनेट आपटलं आणि समज दिली. "खात्री देत नाही. तीन वर्षांची काजळी बसलीय कन्व्हर्टरमध्ये. ती जळायला हवी. टेकडीवर न्या आणि चांगली दामटा. खालचा गिअर, पाय दाबून, इंजिन ओरडलं तर ओरडू द्या. तिथून तडक तपासणी केंद्रावर. मध्ये बंद करू नका. गार झाली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न."

"मी चालवतो," बाळ पुढे होत म्हणाला.

"तू मागे बस."

आणि तो बसला. आईच्या गाडीत मागच्या सीटवर बसायची त्याला कैक वर्षांत वेळ आली नव्हती. गुडघे पोटाशी घेऊन, काकूची काठी मांडीवर सांभाळत तो बसला.

टेकडीच्या पायथ्याशी धाकटीने गिअर खाली घेतला आणि पाय दाबला. गाडी जोरात ओरडली. एवढा आवाज तिच्या कारकिर्दीत गाडीने कधी केला नव्हता. सायलेन्सरमधून काळ्या धुराचा लोट निघाला आणि मागच्या काचेत काही दिसेनासं झालं.

"आई, सावकाश!"

"मेकॅनिकने सांगितलंय. औषध अर्धवट सोडायचं नसतं, असं तूच म्हणतोस ना मला?"

पहिलं वळण, दुसरं वळण. धाकटीची एक नजर रस्त्यावर, एक काट्यावर. काटा तळाशीच. मग तो जरासा हलला. पुढच्या वळणावर आणखी हलला. वृद्धाश्रम जवळ आला तेव्हा तो चढत चढत मध्यावर आला आणि तिथेच थांबला. जाळीतून ऊन वारा आला, आधी बोटांना, मग नडग्यांना.

"हं," थोरली डोळे मिटून म्हणाली, "आली माझी गाडी घरी."

वृद्धाश्रमाच्या फाटकात मेट्रनबाई घड्याळ बघत उभ्या होत्या. गाडी ओळखून त्या दोन पावलं पुढे झाल्या, फाटक उघडायला लागल्या. थोरलीने काच खाली केली, हात बाहेर काढून छान हलवला, आणि गाडी गर्जना करत त्यांच्यासमोरून वर निघून गेली. बाळने मागे तोंड लपवलं. तलावाला वळसा घालून त्या उतरायला लागल्या तेव्हा सायलेन्सरमधून धूर दिसेनासा झाला होता. दोघींनी शाली काढून मागे भिरकावल्या. त्या बाळच्या डोक्यावर पडल्या.

तपासणी केंद्र बंद व्हायच्या बेतात होतं. पुढे एक टेम्पो उभा, त्याचा मालक कागद शोधतोय, तपासनीस जांभया देतोय. धाकटी इंजिन चालू ठेवून थांबली. तपासनीस खिडकीशी आला.

"बंद करा, बाई. रांगेत इंजिन चालू ठेवायचं नाही."

"बंद नाही करणार."

"नियम आहे."

"असेल. किल्ली माझ्या हातात आहे आणि ती फिरणार नाही. मोजायचं तर असंच मोजा."

"तसं चालत नाही. टेम्पोला तर अर्धा तास लागेल..."

मागचं दार उघडलं. बाळ उतरला. धाकटीला वाटलं, झालं, आता हा माफी मागणार, समजूत घालणार आणि किल्ली काढून घेणार. लहानपणापासून हा असाच, कुणी आवाज चढवला की नियम पाळणारा. बाळ सरळ टेम्पोवाल्याकडे गेला, त्याला हात जोडले, काहीतरी बोलला, आणि टेम्पो स्वतः ढकलत बाजूला घेऊ लागला. टाय खांद्यावर टाकून. तपासनीस अडवायला गेला तेव्हा बाळचा आवाज धाकटीला खिडकीतून स्वच्छ ऐकू आला.

"आईची गाडी गरम आहे, साहेब. ती गार झालेली मला चालणार नाही. आधी ती घ्या."

थोरलीने धाकटीला कोपर मारलं. धाकटीने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

नळी सायलेन्सरमध्ये गेली. पाय दाबला. पडद्यावरच्या पट्ट्या वर चढल्या, लालच्या दाराशी रेंगाळल्या, मागे सरल्या. हिरवं. दुसरं हिरवं. तिसऱ्या पट्टीला आपलं मत बनवायला फार वेळ लागला. मग तीही हिरवी झाली.

"काठावर पास," तपासनीस म्हणाला.

"मीही शाळेत काठावरच पास व्हायचे," थोरली म्हणाली. "पुढच्या वर्गात कुणी अडवलं नाही."

तपासनीस हसला. आज त्याने वयाबद्दल काही काढलं नाही.

अंधार पडायच्या सुमाराला गाडी वृद्धाश्रमाच्या फाटकात थांबली. वाटेत बाळ एकदाच बोलला होता, "उकडतंय गं," आणि दोघींपैकी कुणीही हीटर बंद केला नव्हता. त्याने काकूला हात देऊन उतरवलं, काठी दिली आणि तिथेच घुटमळला.

"पुढच्या मंगळवारी," तो म्हणाला, "मी रजा काढून येऊ का?"

"मागे बसायची तयारी असेल तर ये," धाकटी म्हणाली.

मेट्रनबाई हाताची घडी घालून पायरीवर उभ्या होत्या. "आजी, हे बरोबर नाही. चारची वेळ ठरली होती. किती उशीर झालाय बघा."

थोरली काठी टेकत सावकाश त्यांच्यापर्यंत गेली. गाल लाल झाले होते, कपाळावर घाम होता आणि शाल कुठेच नव्हती.

"आत्ताच सांगून ठेवते," ती म्हणाली, "पुढच्या मंगळवारी याहून उशीर होईल."